तारा लावल्यावर दातांची मुळे कुठे जातात, आणि दर वेळी एक्स-रे न काढता ते कसे कळते

दातांना तारा लावल्या की घरातल्या सर्वांचे लक्ष पुढच्या चार-सहा दातांवर असते. फट बुजली का, वाकडा सुळा ओळीत आला का, हसताना कसे दिसते, हे महिन्याकाठी पाहिले जाते आणि त्यावरूनच उपचार नीट चालला आहे की नाही याचा निवाडा होतो. दाताचा मोठा भाग मात्र या निवाड्यात येतच नाही. वरच्या सुळ्याचा हिरडीबाहेर दिसणारा भाग, ज्याला डॉक्टर क्राऊन म्हणतात, साधारण १० मिलिमीटर असतो आणि हाडात असलेले मूळ साधारण १७ मिलिमीटर. तार ढकलते क्राऊनला, आणि उपचार टिकणार की नाही हे बरेचसे ठरते मुळावर. दोन-अडीच वर्षांच्या उपचारात हे मूळ कोणत्या दिशेने गेले, हे पाहण्यासाठी आजवर पुन्हा पुन्हा क्ष-किरणांकडे जावे लागत असे. सुरुवातीला एकदाच त्रिमितीय स्कॅन काढून पुढची मोजणी केवळ प्रकाशाच्या साहाय्याने करण्याची रीत गेल्या दशकभरात पुढे आली आहे. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत, विशेषतः जिथून सर्वांत जवळचे त्रिमितीय स्कॅनचे यंत्र एसटीने चार तासांवर असते, अशा विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी.

दात सरकतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथले हाड शरीरातील विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवतात, आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. ही घडामोड सावकाश चालते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकणे हा चांगला वेग समजला जातो, आणि म्हणूनच तारा जोरात आवळल्याने उपचार लवकर संपत नाही. दाब क्राऊनवर लागत असल्यामुळे दाताची पहिली प्रवृत्ती सरळ सरकण्याऐवजी कलण्याची असते. क्राऊन पुढे जातो, मूळ मागे राहते, किंवा उलट दिशेलाही जाते.

याचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो तो जागा करण्यासाठी उपदाढ काढलेल्या रुग्णांत. दातांची गर्दी फार असेल तर अनेकदा चार उपदाढा काढून सुळे मागे ओढले जातात. फट बुजल्यावर बाहेरून सगळे छान दिसते. पण सुळा आणि त्यामागची उपदाढ यांचे क्राऊन एकमेकांना टेकलेले आणि मुळे मात्र लांब राहिलेली असतील, तर तारा काढल्यावर ती फट पुन्हा उघडण्याचा धोका राहतो. उलट दोन मुळे फार जवळ आली तर त्यांच्यामधले हाड पातळ होते. खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत भीती आणखी निराळी आहे, कारण तिथे ओठाच्या बाजूचे हाड मुळातच कागदासारखे पातळ असते. मूळ त्या हाडाबाहेर ढकलले गेले तर आज काही कळत नाही, पण काही वर्षांनी हिरडी खाली सरकून दात लांब दिसू लागतो. जन्मतः एखादा दात नसलेल्या मुलीला पुढे तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा असेल तर शेजारच्या दोन्ही मुळांमध्ये पुरेशी जागा लागते. क्राऊनमध्ये जागा आहे आणि मुळांमध्ये नाही, हे ऐन इम्प्लांटच्या वेळी कळणे फार महागात पडते.

म्हणून उपचाराच्या मध्यावर मुळांची तपासणी करण्याची जुनी आणि योग्य पद्धत आहे. त्यासाठी सर्वाधिक काढला जातो तो ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका लांब पट्टीवर दाखवणारा एक्स-रे. किडलेले दात, अक्कलदाढा, हाडात अडकलेले दात पाहण्यासाठी ओपीजी उत्तम आहे. मुळांचा कोन मोजण्यासाठी मात्र त्याच्यावर किती विसंबावे, याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. जबडा वाटोळा आणि ओपीजी सपाट असतो. यंत्र डोक्याभोवती फिरत असताना किरण प्रत्येक दातावर काटकोनात पडत नाहीत, आणि जिथे जबड्याची कमान वळते तिथे, म्हणजे नेमक्या सुळा आणि पहिल्या उपदाढेच्या भागात, मुळांचा कोन सर्वांत जास्त फसवा दिसतो. प्रत्यक्षात समांतर असलेली मुळे तिरपी आणि तिरपी असलेली समांतर दिसू शकतात. यंत्रात हनुवटी थोडी वर-खाली झाली तरी चित्र बदलते. शिवाय मूळ गालाकडे गेले की जिभेकडे, हे तर ओपीजीत कळतच नाही. उपदाढ काढलेल्या रुग्णाचा मध्यावरचा ओपीजी पाहून डॉक्टर ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा तुकडा, काढून नव्या कोनात चिकटवतात. तेव्हा ज्या भागात अचूकता हवी, त्याच भागात हे चित्र सर्वांत कच्चे असते.

त्रिमितीय उत्तर आहे सीबीसीटी. या यंत्रात शंकूच्या आकाराचा क्ष-किरणांचा झोत डोक्याभोवती एकदा फिरतो, त्या फेरीत शेकडो चित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांतून दात, मुळे व हाड यांची त्रिमितीय रचना उभी करतो. दातांसाठीच्या या तंत्राची पहिली वर्णने इटली आणि जपानमधून १९९८-९९ च्या सुमारास आली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते नागपूरसारख्या शहरांत सरावाचे झाले. चित्र सुस्पष्ट, कोणत्याही बाजूने पाहता येणारे. मग दर सहा महिन्यांनी सीबीसीटी का काढू नये?

उत्तर किरणांच्या मात्रेत आहे. शरीरावर होणाऱ्या परिणामाचा अंदाज देणारी मात्रा सिव्हर्ट या एककात मोजतात. दातांच्या बाबतीत आकडे मायक्रोसिव्हर्टमध्ये येतात. आधुनिक डिजिटल ओपीजीची मात्रा साधारण ९ ते २४ मायक्रोसिव्हर्ट असते. मुलांमध्ये दोन्ही जबडे येतील अशा सीबीसीटीची मात्रा, प्रसिद्ध झालेल्या अनेक मोजमापांचा एकत्र विचार करता, सरासरीने १७५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येते. पण यंत्र, क्षेत्राचा आकार आणि सेटिंग यांनुसार ती १३ इतकी कमी किंवा ७५० च्या वरही असू शकते. तुलनेसाठी सांगायचे तर जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांमुळे जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मात्रा आपोआपच मिळते. त्या हिशेबाने एक ओपीजी म्हणजे साधारण दीड ते साडेतीन दिवसांचे नैसर्गिक किरण आणि सरासरी सीबीसीटी म्हणजे जवळपास एका महिन्याचे.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. एका स्कॅनमुळे एका मुलाला होणारा धोका फार लहान असतो. तरीही तारा लावणारे रुग्ण बहुतेक दहा ते अठरा वर्षांचे असतात. वाढत्या वयातल्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही जास्त उरलेले असते, त्यामुळे तीच मात्रा मोठ्या माणसापेक्षा मुलांना अधिक जाचक ठरते. म्हणून आवश्यक निदानाला पुरेल इतकीच मात्रा द्यावी आणि प्रत्येक चित्राला कारण असावे, असा जगभरचा दंडक आहे. युरोपातील २०१२ ची आणि अमेरिकेतील मुख-क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे तारांच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट सीबीसीटी काढू नये, असेच सांगतात. (जाता जाता : शिशाच्या एप्रनबद्दल लोक हमखास विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याचा पट्टा सरसकट वापरण्याची गरज नाही असे सांगितले, कारण आधुनिक यंत्रांचा झोत अरुंद असतो आणि गळ्याचा पट्टा आडवा आला तर चित्र पुन्हा काढावे लागू शकते. खरा बचाव अनावश्यक चित्र न काढण्यात आहे.)

मग पुन्हा पुन्हा सीबीसीटी न काढता मुळे कशी मोजायची? इथे एका साध्या निरीक्षणाचा आधार घेतला जातो. क्राऊन आणि मूळ मिळून दात हा एकच कठीण तुकडा आहे. शेताच्या धुऱ्यावर कुंपणासाठी रोवलेला सिमेंटचा खांब घ्या. रोवण्याआधी त्याची लांबी आणि आकार मोजून ठेवला असेल, तर पुढे तो कितीही कलला किंवा सरकला तरी जमिनीवरचा भाग नीट मोजून खालचे टोक कुठे आहे हे न खणता सांगता येते. दाताचेही तसेच आहे. मुळाचा आकार आणि त्याचा क्राऊनशी असलेला कोन सुरुवातीला एकदा कळला की नंतर क्राऊनची जागा मोजणे पुरेसे असते, आणि क्राऊन तर तोंडात उघडाच असतो.

प्रत्यक्षात हे असे केले जाते. तारा लावण्याआधी सीबीसीटी काढला जातो. आधी काढण्याला कारण आहे : धातूचे ब्रॅकेट असले की चित्रात रेघा आणि सावल्या पडतात आणि क्राऊनच्या कडा अस्पष्ट होतात. त्याच सुमारास तोंडात स्कॅनर फिरवून दातांच्या पृष्ठभागाचा स्कॅन घेतला जातो. हा स्कॅनर जाडजूड टूथब्रशएवढा असतो, तो दातांवर प्रकाश टाकतो आणि परावर्तित प्रकाशावरून आकार मोजतो; त्यात क्ष-किरण अजिबात नसतात. सीबीसीटीतील सर्वांत लहान ठिपका तारांच्या कामात साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो, तर चांगला स्कॅनर एकेका दाताचा आकार मिलिमीटरच्या काही शतांश भागांपर्यंत टिपतो. म्हणून संगणकात सीबीसीटीतून प्रत्येक दात सुटा करून त्याच्या क्राऊनवर स्कॅनरमधला अधिक रेखीव क्राऊन बसवतात. दात सुटे करण्याचे हे काम पूर्वी तंत्रज्ञाला तासन्‌तास हाताने करावे लागे. आता सॉफ्टवेअर त्याचा बराच भाग आपोआप करते, पण तज्ज्ञाने ते तपासून घ्यावेच लागते, कारण मुळाचे टोक आणि भोवतीचे हाड यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने टोकाशी चूक होणे सोपे असते.

पुढे सहा-आठ महिन्यांनी रुग्ण आला की फक्त तोंडाचा स्कॅन घेतला जातो. पाच-दहा मिनिटांचे काम. संगणक आजचा प्रत्येक क्राऊन सुरुवातीच्या त्याच क्राऊनवर जुळवतो. दोन्ही पृष्ठभागांमधले अंतर कमीत कमी होईपर्यंत तो एकाला थोडे थोडे सरकवत आणि फिरवत राहतो, आणि शेवटी प्रत्येक दातासाठी सहा आकडे हाती येतात : तीन दिशांना किती सरकला आणि तीन अक्षांभोवती किती फिरला. हेच सहा आकडे त्या दाताच्या मुळाला लावले की आजचे मूळ कुठे असायला हवे हे पडद्यावर दिसते. ब्रॅकेट दाताच्या पुढच्या पृष्ठभागाचा काही भाग झाकत असल्याने जुळवणीसाठी जिभेकडची बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग यांवर भर दिला जातो.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील ऑर्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेच्या, अभ्यासकांनी ही पद्धत आधी प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या दातांच्या कृत्रिम नमुन्यावर तपासली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी रुग्णावरील काम आले. तपासण्याची रीत सरळ होती. पद्धतीने सांगितलेली मुळांची अपेक्षित जागा आणि उपचारानंतरच्या सीबीसीटीत प्रत्यक्ष दिसलेली जागा एकमेकांवर ठेवून पाहिली. दोन्ही बऱ्याच जवळ आल्या. त्यानंतर इतर ठिकाणीही अशा तपासण्या झाल्या आहेत आणि कल्पना पायाशी पक्की असल्याचे दिसते.

अचूकतेचा हिशेब मात्र प्रत्येक डॉक्टरने मनात ठेवावा असा आहे. क्राऊन जुळवताना झालेली कोनातली चूक मुळाच्या टोकाशी वाढून येते. सुळ्याच्या १७ मिलिमीटर लांबीच्या मुळासाठी क्राऊनची १ अंशाची चूक टोकाशी सुमारे ०.३ मिलिमीटर होते, अडीच अंशांची सुमारे पाऊण मिलिमीटर, आणि ५ अंशांची जवळजवळ दीड मिलिमीटर. पहिली चूक व्यवहारात खपून जाते. तिसरी खपत नाही, कारण शेजारच्या मुळापर्यंतचे अंतरच कधीकधी तेवढे असते. त्यामुळे पडद्यावरची सुंदर रंगीत मुळे पाहताना, हा क्राऊन किती नीट जुळला आहे, हा प्रश्न प्रत्येक दातासाठी वेगळा विचारावा लागतो.

जुळवणीच्या दुसऱ्या अडचणीबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. वरच्या पद्धतीने मुळे एकमेकांच्या तुलनेत कुठे आहेत हे कळते. समांतर आहेत का, एकमेकांना भिडताहेत का, या प्रश्नांना तेवढे पुरते. पण मूळ हाडाच्या कडेच्या तुलनेत कुठे आहे हे विचारायचे असेल, तर दोन वेगळ्या दिवसांचे स्कॅन एकाच जबड्यावर बसवायला न हलणारी काही खूण लागते, आणि दात तर सगळेच हललेले असतात. वरच्या जबड्यात टाळूवरच्या आडव्या वळ्या आणि टाळूचा मागचा भाग बऱ्यापैकी स्थिर राहतो, म्हणून स्कॅन घेताना टाळू पूर्ण टिपून घेणे आवश्यक असते. हे काम घाईत हमखास राहते. खालच्या जबड्यात अशी भरवशाची मऊ खूण नाही. तिथे हाडात बसवलेला छोटा स्क्रू असेल आणि तो स्वतः हलला नसेल, तर त्याचा आधार घेता येतो. नाहीतर खालच्या पुढच्या दातांची मुळे हाडाबाहेर चालली आहेत का, या सर्वांत नाजूक प्रश्नावर या पद्धतीने ठामपणे बोलता येत नाही. वाढत्या वयात तर जबडाही वाढत असतो, तेव्हा हा हिशेब आणखी अवघड होतो.

क्राऊनचा आकार दोन्ही वेळी तोच असला पाहिजे, हे दुसरे गृहीतक. आपल्या भागात ते वाटते तितके सहज पाळले जात नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, खड्डे दिसतात. अशा दातांवर ब्रॅकेट तुलनेने कमी चिकटतात, वारंवार सुटतात, आणि फ्लोराइडमुळे झालेला हा विकार (फ्लोरोसिस) जास्त असेल तर दाताच्या कडांचे टवकेही उडतात. त्यातच उपचाराच्या मध्ये लग्न किंवा महाविद्यालयाचा प्रवेश आला म्हणून कोणी पुढच्या दातांवर डाग झाकणारे फिलिंग किंवा कॅप करून घेतली, तर सुरुवातीचा क्राऊन उरतच नाही आणि जुळवणी त्या दातापुरती निकामी होते. खर्ऱ्याचेही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचेही, तसेच. सुपारी चावून दात झिजतात, आणि तोंडाच्या आतली त्वचा आवळत जाऊन तोंड कमी उघडू लागले की स्कॅनरचे टोक मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. तारा लावलेल्या मुलाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी सापडणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नाही. अशा वेळी मुळांच्या मोजणीपेक्षा त्याचा खर्रा सुटणे अधिक तातडीचे असते, हे सांगायला कोणत्याही स्कॅनची गरज नाही. मधल्या काळात कॅप किंवा मोठे फिलिंग करणे अटळच असेल तर त्याआधी आणि नंतर असे दोन स्कॅन घेऊन ठेवावेत. म्हणजे जुन्या क्राऊनवरून नव्यावर जाता येते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ही पद्धत मूळ कुठे आहे हे सांगते. मूळ कसे आहे हे तिला माहीत नसते. तारांच्या दाबाने मुळाची टोके थोडीफार झिजणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि बहुतेकांत ती नगण्य असते. पण शंभरातील साधारण एक ते पाच रुग्णांत ती गंभीर, म्हणजे ४ मिलिमीटरहून किंवा मुळाच्या एक तृतीयांशाहून अधिक होते. वरच्या पुढच्या दातांना हा धोका सर्वांत जास्त. संगणकातले मूळ मात्र पहिल्या दिवशी होते तेवढेच लांब राहते, कारण त्याची लांबी नव्याने कोणी मोजलेलीच नसते. लहान मुलांत उलटे होते : दात बाहेर आल्यावरही मुळाचे टोक पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणजे खरे मूळ संगणकातल्यापेक्षा लांब झालेले असू शकते. भोवतीचे हाड कमी झाले का, टोकाशी गाठ झाली का, हेही यात दिसत नाही. म्हणून तारा लागल्यावर साधारण सहा महिन्यांनी वरच्या पुढच्या दातांचा छोटा एक्स-रे काढणे शहाणपणाचे आहे. त्याची मात्रा अवघी काही मायक्रोसिव्हर्ट असते, तालुक्याच्या बहुतेक दातांच्या दवाखान्यांत त्याची सोय असते, आणि झीज दिसली तर दोन-तीन महिने तारेचा दाब थांबवून ती आटोक्यात ठेवता येते. कमी किरणांचा आग्रह धरताना हा एक्स-रे टाळणे म्हणजे चुकीच्या जागी काटकसर करणे होय.

आणखी एका गोष्टीबद्दल पालकांना सावध करायला हवे. पारदर्शक अलाइनरच्या (तारांऐवजी दातांवर चढवायच्या साच्यांच्या) उपचाराआधी संगणकावर जे चलच्चित्र दाखवले जाते, त्यात अनेकदा हिरडीखालची मुळेही दिसतात. त्या रुग्णाचा सीबीसीटी जोडलेला नसेल तर ती मुळे सरासरी आकारावरून काढलेला अंदाज असतात; आपल्या मुलाच्या सुळ्याचे मूळ टोकाशी वाकलेले असेल तर त्या चित्राला त्याचा पत्ता नसतो. क्राऊनवरून किंवा ओपीजीवरून मुळाचा आकार ओळखणारे सॉफ्टवेअर तयार होत आहे आणि ते सुधारतही आहे, पण तोवर ‘ही मुळे मोजलेली आहेत की मानलेली?’ असा सरळ प्रश्न विचारायला संकोचू नये. किरणांशिवाय मुळे दाखवू शकणारे एमआरआय तंत्रही आहे. त्याचा खर्च, त्याला लागणारा वेळ आणि धातूच्या तारांमुळे बिघडणारे चित्र पाहता ते तूर्त आपल्या रोजच्या कामाचे नाही.

आता विदर्भातल्या खेड्यांचा प्रश्न. सीबीसीटीचे यंत्र नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत किंवा दंत महाविद्यालयांत मिळते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय गाठायचे म्हणजे धारणी, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या माणसाचा पूर्ण दिवस, अनेकदा दोन दिवस जातात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती मजुरीही बुडते. तालुक्याच्या गावी तारांचे काम बहुधा ठरलेल्या वारी शहरातून येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट करतात. सीबीसीटीचे यंत्र त्यांच्याबरोबर येऊ शकत नाही. स्कॅनर आणि लॅपटॉप बॅगेत येऊ शकतात. म्हणजे मोठा प्रवास एकदा, सुरुवातीला, आणि पुढची मोजणी गावातच, ही मांडणी इथल्या व्यवस्थेला नेमकी बसते. किरण वाचतात ते वेगळेच.

स्कॅनर अजून महाग आहेत, हे खरे. ज्या दवाखान्यात तो नाही तिथे दातांचा ठसा घेऊन, प्लास्टरचा साचा करून तो शहरातल्या प्रयोगशाळेत स्कॅन करून घेता येतो. गणितात काहीच बदलत नाही. पण ठसा घेण्यासाठी नेहमी वापरले जाणारे अल्जिनेट पाणी सुटले की आकसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना ठसा टेबलावर तसाच ठेवून पुढचा रुग्ण पाहिला, तर साचा चुकीचा येणार आणि ती चूक मुळाच्या टोकाशी मोठी होऊन दिसणार. ठसा ओल्या कापडात झाकून ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर, दहा-पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतावे. ते जमणार नसेल तर आकार जास्त काळ धरून ठेवणारे सिलिकोन वापरणे बरे.

या सगळ्याचा अर्थ प्रत्येक मुलाने सुरुवातीला सीबीसीटी काढावा असा होत नाही, आणि मी तसे सुचवणारही नाही. दातांची साधी गर्दी, काढायचे दात नाहीत, मुळे सरळ, अशा रुग्णाला केवळ पुढे मुळे मोजता यावीत म्हणून १७५ मायक्रोसिव्हर्ट देणे योग्य नाही. त्याला डॉक्टरची नजर, बोटांनी हिरडीवरून लागणारा मुळाचा उंचवटा आणि गरजेपुरते छोटे एक्स-रे पुरतात. वरचा सुळा हाडात अडकलेला आहे (शंभरात एक-दोन जणांत असे होते) आणि तो शेजारच्या दाताचे मूळ खात आहे का हे पाहायचे आहे, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आहे, टाळू दुभंगलेले आहे, अशा रुग्णांना सीबीसीटी निदानासाठीच लागतो. त्यांच्या बाबतीत तो एकदा काढलेलाच असतो; त्याचा उरलेल्या उपचारभर उपयोग करून घेतला, तर दुसरा आणि तिसरा सीबीसीटी बहुधा टळतो. हीच या पद्धतीची खरी जागा. स्कॅन काढतानाही क्षेत्र गरजेपुरते लहान आणि सेटिंग मुलांसाठीचे ठेवायला सांगावे. आपल्याकडे दातांच्या क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते आणि त्यांची नोंद ई-लोरा या प्रणालीत करावी लागते. केंद्रात ती आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.

शेवटी एक बाब, जी साधी असूनही बहुतेक वेळा राहून जाते. स्कॅन केंद्रातून रुग्णाच्या हाती पडते ती बहुधा छापील फिल्म किंवा चकचकीत कागदावरची चित्रे आणि अहवाल. या पद्धतीला त्यांचा काही उपयोग नाही; तिला लागते मूळ डिजिटल फाइल, जिचे स्वरूप डायकॉम या नावाने ओळखले जाते. तोंडाच्या स्कॅनची फाइल वेगळी असते, ती बहुधा एसटीएल स्वरूपात मिळते. केंद्रे हा डेटा कायम जपून ठेवतील याची खात्री नसते, आणि मिळालेली सीडी दोन उन्हाळ्यांत पत्र्याच्या घरात निकामी होऊ शकते. म्हणून स्कॅन काढला त्याच दिवशी दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, एक प्रत डॉक्टरकडे आणि एक घरच्या मोबाइलशी जोडलेल्या क्लाउड खात्यावर ठेवावी. दहावीनंतर मुलगी अमरावतीला किंवा नागपूरला शिकायला गेली आणि तारांचा उपचार तिथल्या डॉक्टरकडे वळला, तर तो या दोन फाइलींवरून तिच्या मुळांची मोजणी जिथे थांबली तिथून पुढे नेऊ शकतो, आणि नव्याने सीबीसीटी काढायला सांगण्याचे त्याला कारण उरत नाही.